शहाजी आणि शाहू : एका नावाची वाटचाल

हिंडलग्याचे नाव निघाले की परगावच्या माणसाला येथील मध्यवर्ती कारागृह आठवते आणि सीमाभागातील माणसाला १९८६ च्या जून महिन्यातील हुतात्मे आठवतात. या दोन्ही गोष्टींवर पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रस्तुत लेखात त्यांपैकी काही नाही. वाचनालयाच्या शताब्दी ग्रंथात इतिहासविषयक काही लिहावे असा आग्रह झाला, तेव्हा मनात बराच काळ घोळत असलेला एक लहानसा विषय घेण्याचे ठरविले. तो म्हणजे आपल्या भागातील पुरुषांची नावे, आणि त्यातही एक असे नाव की जे सर्वांना ठाऊक असूनही फार थोड्यांना ठेवलेले आढळते.

गावची मतदारयादी सहज चाळली तरी एक गोष्ट ध्यानात येते. आमच्या बाजूची जुनी नावे ही बहुतांशी दैवतांची नावे आहेत, आणि ती दैवते काशी-रामेश्वराची नसून हाकेच्या अंतरावरची आहेत. सौंदत्तीच्या डोंगरावरील यल्लम्मा, म्हणजेच रेणुका, हिच्यावरून यल्लाप्पा. तिच्या पुत्रावरून परशराम. वाडी रत्नागिरीच्या जोतिबावरून जोतिबा. कलमेश्वरावरून कल्लाप्पा, रवळनाथावरून रवळू, भरमदेवावरून भरमा आणि भरमाण्णा. मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांची सरहद्द नकाशात कोठेही आखली तरी नावांत ती आखता येत नाही. एकाच घरातील एक भाऊ शिवाजी असतो आणि दुसरा बसाप्पा असतो, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही.

या गर्दीत 'शहाजी' आणि 'शाहू' ही नावे तुरळक. शिवाजी, संभाजी, तानाजी या नावांनी एके काळी शाळांचे हजेरीपट भरून गेले होते. एकाच वर्गात तीन शिवाजी असले म्हणजे मास्तरांना वडिलांच्या नावाने हाक मारावी लागे. परंतु ज्यांच्या पोटी शिवाजीमहाराज जन्मले त्यांचे नाव मात्र एखाद्याच घरी. असे का व्हावे, हा प्रश्न प्रथम कुतूहलाने मनात आला. पुढे त्याचा मागोवा घेता घेता तो पुष्कळ दूरवर घेऊन गेला.

प्रारंभ अर्थात वेरुळपासून करावयास हवा. मालोजी भोसले हे वेरुळचे पाटील. अहमदनगरच्या निजामशाहीतील एक उगवते सरदार. फलटणच्या निंबाळकरांची कन्या उमाबाई ही त्यांची पत्नी. मालोजी निष्ठावंत शिवभक्त होते. वेरुळच्या घृष्णेश्वराच्या मंदिराचा त्यांनी जीर्णोद्धार केला आणि शिखर शिंगणापूर येथे यात्रेकरूंच्या पाण्याची ददात होती म्हणून मोठा तलाव बांधविला. अशा या शिवभक्ताच्या घरी मूल नव्हते. उमाबाईंनी अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, शहा शरीफ नावाच्या पिराला नवस केला. दोन पुत्र झाले. थोरल्याचे नाव शहाजी ठेवले, धाकट्याचे शरीफजी. पिराचे एकच नाव असे दोन भावांत वाटले गेले.

ही कथा एखाद्या उत्तरकालीन बखरकाराने रचलेली नाही. शिवाजीमहाराजांच्या आज्ञेवरून कवींद्र परमानंदाने रचलेल्या 'शिवभारत' या संस्कृत काव्यातच ती आलेली आहे. स. म. दिवेकर यांनी हे काव्य तंजावरहून मिळवून १९२७ साली प्रसिद्ध केले, तेव्हापासून मराठी अभ्यासकांना ते उपलब्ध आहे. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, ज्या काव्यात नायकाला विष्णूचा अवतार म्हटले आहे, त्याच काव्यात नायकाच्या पित्याचे नाव एका मुसलमान फकिराच्या प्रसादाने पडले हे सांगावयास कवीला संकोच वाटला नाही, आणि ते ऐकावयास आश्रयदात्यालाही वाटला नाही. हा संकोच पुढच्या काळाने निर्माण केला. शहा शरीफचे नाव गाळून शहाजींच्या जन्माची हकीकत सांगणारी व्याख्याने मी ऐकली आहेत. नाव तेवढे राहिले, नावाचे कारण मात्र सभागृहाबाहेर ठेवले गेले.

येथे शब्दाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. 'शाह' म्हणजे राजा, हा फारसी शब्द सर्वांना परिचित. त्यामुळे शहाजी म्हणजे राजा, बादशहा, असा अर्थ सहज लावला जातो. परंतु सूफी फकिरांनाही 'शाह' हे उपपद लावण्याची रीत होती आणि आहे. ज्याने सर्वस्वाचा त्याग केला तो आपल्या राज्याचा शाह, ही त्यामागील कल्पना. शहा शरीफ या नावातील 'शहा' हा तो होय. म्हणजे सिंहासनावरच्या शहाचे म्हणून जे नाव आपण उच्चारतो ते मुळात फकिराच्या झोळीतून आलेले आहे. 'जी' हा मात्र आपल्याकडचा : मालोजी, विठोजी, राणोजी यांतला.

मूळ शब्द 'शाह' एवढाच होता याचा आणखी एक पुरावा अगदी नजरेसमोर आहे. शिवाजीमहाराजांची संस्कृत राजमुद्रा शाळकरी मुलांनाही पाठ असते. तीत महाराज स्वतःला 'शाहसूनु' म्हणजे शाहाचा पुत्र म्हणवितात. परमानंदही शहाजींना 'शाहराज' म्हणतो. फारसीतला शब्द असा संस्कृत समासात जाऊन बसला आणि स्वराज्याच्या मुद्रेवर कोरला गेला.

याच चालीचा दाखला आपल्याला दूर शोधावा लागत नाही. गदग जिल्ह्यातील शिरहट्टी येथे फकीरेश्वर मठ आहे. विजापूरच्या ख्वाजा अमीनुद्दीन यांच्या कृपाप्रसादाने जन्मलेला मुलगा पुढे त्या मठाचा मूळ पुरुष झाला, अशी तेथील परंपरा. त्या मठामुळे धारवाड-हुबळीपासून आपल्या बेळगावापर्यंत लिंगायत आणि इतर हिंदू घरांत फकीराप्पा हे नाव आढळते. आमच्या उत्तरेला कागलचा गैबी पीर आहे. त्याचा उरूस सारे गाव करते. पिराजी, पिरगोंडा ही नावे मराठा आणि जैन कुटुंबांत पूर्वी सर्रास ठेवीत. कागलच्या घाटगे घराण्यातच पिराजीराव होते, आणि हे पिराजीराव कोणाचे बंधू होते ते पुढे येईलच. अण्णा भाऊ साठे यांची १९५९ सालची 'फकिरा' ही कादंबरी ज्यांनी वाचली असेल त्यांना हे नाव मांग समाजातही किती सहज रुळलेले होते ते ठाऊक आहे. मूल जगत नसे त्या काळात आई ज्या दारी मागणे घाली त्या दाराचे नाव मुलाला मिळे. त्या दारावर कोणत्या धर्माची पाटी आहे हे पाहण्याची चैन तिला परवडत नव्हती.

धाकटा शरीफजी १६२४ साली भातवडीच्या लढाईत पडला आणि त्याच्याबरोबर ते नावही महाराष्ट्रात जवळजवळ संपले. जवळजवळ म्हणण्याचे कारण असे की, तंजावरच्या भोसल्यांत 'सरफोजी' हे नाव दोन राजांना आढळते. त्याचे संस्कृतात 'शरभोजी' केले गेले आणि आपणही शरभ या पौराणिक प्राण्याशी त्याचा संबंध जोडतो. माझ्या मते सरफोजीत शरीफजीच ऐकू येतो. घराण्यात एकदा शिरलेले नाव सहजासहजी बाहेर पडत नाही. ते पोशाख बदलून राहते.

शहाजीराजांचे चरित्र सांगण्याचे हे स्थळ नव्हे. तथापि आपल्या भागाशी त्यांचा संबंध विसरता येत नाही. निजामशाही वाचविण्याचा त्यांचा अखेरचा प्रयत्न १६३६ मध्ये संपला, ते आदिलशाहीत आले आणि त्यानंतरचे त्यांचे जवळजवळ सर्व आयुष्य आजच्या कर्नाटकात गेले. १६३८ मध्ये रणदुल्लाखानाबरोबर दक्षिणेच्या स्वारीत केंपेगौडाकडून बंगळूर घेतले गेले आणि ते त्यांचे ठाणे झाले. तेथे त्यांच्या दरबारी अनेक भाषांतील कवी होते. जयराम पिंड्ये याने 'राधामाधवविलासचंपू' तेथेच रचला, आणि वि. का. राजवाडे यांनी १९२२ साली प्रदीर्घ प्रस्तावनेसह तो प्रकाशित केला. १६४८ साली जिंजीच्या छावणीत त्यांना कैद झाली. त्या कामी मुधोळचे बाजी घोरपडे पुढे होते. २३ जानेवारी १६६४ रोजी चन्नगिरीजवळ होदिगेरे येथे शिकारीत घोड्यावरून पडून त्यांचा अंत झाला. समाधी तेथेच आहे. थोरले चिरंजीव संभाजी कनकगिरीला पडले, तेही याच प्रांतात. महाराष्ट्राबाहेर गेलेला मराठी माणूस म्हणून पाहिले तर शहाजीराजे आम्हा सीमावासीयांचे एका अर्थी थोरले आप्तच म्हणावयास हवेत.

आता 'शाहू'. संभाजीमहाराजांच्या पुत्राचा जन्म १८ मे १६८२ चा. त्याचे नाव आजोबांवरून शिवाजी ठेवलेले होते. १६८९ च्या अखेरीस रायगड पडला, सात वर्षांचा हा मुलगा मातोश्री येसूबाईंसह औरंगजेबाच्या छावणीत गेला आणि १७०७ पर्यंत तेथेच राहिला. तेथून बाहेर पडला तो शाहू म्हणून. हे नाव कोठून आले?

ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या इतिहासात दिलेली गोष्ट सर्वतोमुखी आहे. औरंगजेबाने म्हणे मुलाला विचारले, नाव काय? शिवाजी, असे उत्तर मिळताच तो म्हणाला, तुझा आजा चोर, तू साव. म्हणून तू साहू. गोष्ट चटकदार आहे. संस्कृत 'साधु', प्राकृत 'साहु', मराठी 'साव' ही साखळी भाषाशास्त्राच्या दृष्टीनेही निर्दोष आहे. सावकार या शब्दात ती आहे आणि उत्तरेकडे साहू हे आडनाव आजही आहे. परंतु शब्दाची व्युत्पत्ती जुळली म्हणजे घटना घडली असे होत नाही.

अब्दुल हमीद लाहोरीचा 'पादशाहनामा' हा शाहजहानच्या कारकीर्दीचा अधिकृत वृत्तांत. त्यात १६३० ते १६३६ च्या धामधुमीत निजामशाहीच्या बाजूने मोगलांशी झुंजणाऱ्या शहाजीराजांचा उल्लेख पुनःपुन्हा येतो, आणि तो 'साहू भोंसला' असा येतो. म्हणजे औरंगजेबाने नातवाला नाव बहाल करण्याच्या पन्नासाहून अधिक वर्षे आधी मोगल दफ्तरात पणजोबांचे नाव साहू असेच लिहिले जात होते. चोर आणि साव यांचा विनोद सुचण्यासाठी तरी ते नाव आधीपासून कानांवर असले पाहिजे. साधा अर्थ असा की शाहू हे शहाजीचेच लघुरूप आहे. रामचा रामू, बाळचा बाळू, तसा शाहचा शाहू.

यावर एक घरगुती तर्कही मांडतो. पुरावा म्हणून नव्हे, विचारार्थ. आपल्याकडे सून सासऱ्याचे नाव घेत नाही. येसूबाईंच्या मुलाचे नाव शिवाजी, आणि सासऱ्यांचेही शिवाजी. मग त्या माउलीने मुलाला हाक काय मारावी? घराघरांत अशा वेळी दुसरे नाव पडते आणि तेच रूढ होते. आजेसासऱ्याचेही नाव घेत नाहीत, हा आक्षेप कोणी घेईल. परंतु शाहू म्हणजे शहाजी नव्हे. लाडक्या रूपाला ही बंधने तितकी लागत नाहीत, हे घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना विचारून पाहावे. औरंगजेबाच्या थट्टेपेक्षा आईच्या अडचणीतून हे नाव रूढ झाले असेल, असे मला तरी अधिक संभवनीय वाटते.

मोडी कागदपत्रांत हे नाव शाहाजी, साहाजी, शाहू, साहू असे हवे तसे लिहिलेले सापडते. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा काटेकोरपणा नसतो, आणि लिहिणाराही श व स यांबाबत कानावर विसंबून असतो. त्यामुळे केवळ लेखनावरून अर्थ ठरविण्याच्या फंदात पडू नये.

१२ जानेवारी १७०८ रोजी शाहूंना साताऱ्यास राज्याभिषेक झाला. ताराबाईंचा पक्ष कोल्हापुरास स्थिरावला आणि छत्रपतींच्या दोन गाद्या झाल्या. १३ एप्रिल १७३१ च्या वारणेच्या तहाने शाहू आणि कोल्हापूरचे संभाजी या चुलतभावांनी राज्य वाटून घेतले. वारणेपासून तुंगभद्रेपर्यंतचा मुलूख कोल्हापूरच्या वाट्यास आला. म्हणजे आपले बेळगाव, हिंडलगे, निपाणी हे सारे निदान कागदावर तरी शाहूंच्या नव्हे तर त्यांच्या प्रतिस्पर्ध्याच्या बाजूस पडले. शाहू हे साताऱ्याचे नाव ठरले. कोल्हापूरच्या गादीवर शिवाजी झाले, संभाजी झाले, शहाजी झाले, राजाराम झाले. १८८४ पर्यंत शाहू एकही झाला नाही. दोन घरांतील दुरावा नावांतूनही पाळला गेला.

कोल्हापूरच्या शहाजींपैकी पहिले, म्हणजे बुवासाहेब महाराज, यांचा आपल्या भागाशी निकटचा संबंध आला. १८१८ साली पेशवाई बुडाल्यावर कंपनी सरकारने चिकोडी आणि मनोळी हे दोन तालुके कोल्हापूरला दिले होते. पुढे बुवासाहेबांचे कंपनीशी बिनसले, फौजा चालून आल्या, आणि त्यानंतरच्या तहांत हे तालुके परत घेतले गेले. आज चिकोडी कर्नाटकात आहे त्याचा एक धागा इतका मागे जातो. सीमाप्रश्न १९५६ साली सुरू झाला असे आपण म्हणतो, आणि व्यवहारात ते खरेही आहे. परंतु रेघ ओढण्याचा हा खेळ त्याआधीही कैकदा झालेला आहे.

तंजावरकडेही एक शहाजी होऊन गेला. व्यंकोजींचा हा पुत्र १६८४ ते १७१२ पर्यंत राज्य करीत होता. तेलुगूत आणि मराठीत नाटके रचणारा, पंडितांना अख्खे गाव वसवून देणारा. त्या गावाला शहाजीराजपुरम् असे नाव पडले. आजचे तिरुविसनल्लूर ते हेच. पणजीने अहमदनगरच्या पिराला केलेल्या नवसाचे नाव कावेरीकाठच्या वैदिक ब्राह्मणांच्या वस्तीला मिळावे, यापेक्षा नावाच्या प्रवासाचे अधिक विस्मयकारक उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

साताऱ्याची गादी १८४८ साली खालसा झाली. डलहौसीने दत्तक नामंजूर केलेले ते पहिले मोठे राज्य. तेथील अखेरचे राजे आप्पासाहेब, त्यांचे नाव शहाजी. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. तेथील अखेरचे राज्यकर्तेही शहाजी. देवासच्या विक्रमसिंहरावांना १९४७ मध्ये दत्तक घेऊन हे नाव देण्यात आले होते. दोन्ही गाद्यांची अखेर शहाजी या नावाच्या राजांपाशी झाली. इतिहासात असल्या योगायोगांना अर्थ नसतो, तरी लिहिताना हात थबकतोच.

परंतु या नावाला आज जो मान आहे तो यांपैकी कोणामुळेही नाही. तो कागलच्या एका मुलामुळे आहे. जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे यांचे पुत्र यशवंतराव यांना १७ मार्च १८८४ रोजी कोल्हापूरच्या आनंदीबाई राणीसाहेबांनी दत्तक घेतले आणि त्यांचे नाव शाहू ठेवण्यात आले. वारणेच्या तहानंतर दीडशे वर्षांनी कोल्हापूरच्या गादीने साताऱ्याचे नाव आपल्या मस्तकी धारण केले. तोवर सातारची गादी उरली नव्हती, त्यामुळे वैराचेही कारण उरले नव्हते. यशवंतरावांच्या मातोश्री राधाबाई मुधोळच्या घोरपडे घराण्यातील. शहाजीराजांना कैद करणाऱ्या बाजी घोरपड्यांचे ते घराणे. त्याच घराण्याच्या कन्येचा पुत्र शाहू झाला. आणि त्यांचे धाकटे बंधू ते बापूसाहेब, म्हणजेच वर उल्लेखिलेले पिराजीराव घाटगे. एका भावाच्या नावात अहमदनगरचा शहा, दुसऱ्याच्या नावात पीर. मालोजींच्या घरी तीनशे वर्षांपूर्वी घडले तेच कागलच्या वाड्यात, नकळत का होईना, पुन्हा घडले.

शाहूमहाराजांची कामगिरी या ग्रंथाच्या वाचकांना सांगावयास नको. १९०२ सालच्या जुलैतील निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम, सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण, वसतिगृहे, १९२० च्या मार्चमधील माणगावची परिषद, ही सर्व सर्वश्रुत आहेत. माणगावच्या परिषदेनंतर पाच वर्षांनी, १९२५ मध्ये, डॉ. आंबेडकर निपाणीस बहिष्कृत हितकारिणी सभेच्या प्रांतिक अधिवेशनासाठी आले. तोवर महाराज निवर्तले होते. ६ मे १९२२ रोजी त्यांचे देहावसान झाले होते. नावाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, येथून पुढे शाहू हे राजकुळाचे नाव न राहता लोकांचे झाले. हे नाव ठेवणाऱ्यांत मराठे होते, महार-मांग-चांभार समाजातील कुटुंबे होती, सत्यशोधक विचारांची घरे होती. वसतिगृहात शिकून नोकरीस लागलेल्या माणसाने आपल्या मुलाला दिलेले हे नाव म्हणजे एका अर्थी कर्जफेडच होती.

याला एक गोड अपवाद म्हणून नटवर्य शाहू मोडक यांचा उल्लेख करतो. त्यांचा जन्म १९१८ चा, अहमदनगरचा, म्हणजे शहा शरीफच्याच गावचा. घराणे ख्रिस्ती. आणि त्यांनी पडद्यावर गाजविली ती भूमिका श्रीकृष्णाची. १९३२ च्या 'श्यामसुंदर' या बोलपटापासून पुढे कितीतरी वेळा. 'संत ज्ञानेश्वर'मध्ये ज्ञानदेवही तेच झाले. पिराचे नाव, ख्रिस्ती घर आणि मुखी हरिपाठ. आमच्या आधीच्या पिढीतील बायका त्यांना पडद्यावर पाहून हात जोडीत असत असे ऐकले आहे.

उत्तर प्रदेशात हे नाव गेले ते वेगळ्या वाटेने. १९१९ साली कानपूर येथील कुर्मी क्षत्रियांच्या परिषदेने महाराजांना 'राजर्षी' ही पदवी दिली होती. त्याच कानपूरच्या विद्यापीठाला १९९७ पासून छत्रपती शाहूजी महाराजांचे नाव आहे. मंडल आयोगानंतरच्या राजकारणात 'फुले-शाहू-आंबेडकर' हा त्रिशब्दी उच्चार सभासभांतून होऊ लागला. २००६ पासून महाराष्ट्रात २६ जून हा त्यांचा जन्मदिवस सामाजिक न्याय दिन म्हणून पाळला जातो. नगरे, मार्ग, भवने, रेल्वे स्थानक या सर्वांवर नाव आले. कागलातून निघालेले नाव गंगाकाठी पोचले.

आणि तरीही पाळण्यात ते येत नाही. याची कारणे काय असावीत? शहाजी या नावापुरते बोलावयाचे तर इतिहासलेखनाने त्यांच्यावर काहीसा अन्याय केला. सुलतानांच्या चाकरीत हयात घालविलेला सरदार ही त्यांची प्रतिमा राष्ट्रीय बाण्याच्या काळात अडचणीची वाटली. पोवाड्यांत, नाटकांत आणि शाळेच्या धड्यांत जिजाबाई आणि बालशिवाजी पुढे आले, वडील बंगळुरास राहिले. राजवाड्यांनी १९२२ साली हे चित्र पालटण्याचा प्रयत्न केला, परंतु चंपूची प्रस्तावना वाचून कोणी बारसे करीत नाही. दुसरी अडचण व्यवहारातील. शिवाजीचा शिवा होतो, संभाजीचा संभा, तानाजीचा ताना. शहाजीचे काय करणार? 'शहा' अशी हाक मारली तर पेठेतील व्यापारी वळून पाहील.

शाहूची अडचण निराळी आहे. तेथे आदरच आड येतो. ज्या मुलाच्या पाठीत धपाटा घालावयाचा, ज्याला ऊठसूट नावे ठेवावयाची, त्याला महाराजांचे नाव कसे द्यावे, असे एका बाईंनी मला सांगितले. शिवाजी या नावाबाबत त्यांच्या आजीला असे वाटले नव्हते, हे मी त्यांच्या निदर्शनास आणले. त्यावर त्या हसल्या. एक कारण मात्र कोणी उघड बोलत नाही. हे नाव अलीकडे एका विचाराचे, एका बाजूचे समजले जाते. मुलाचे नाव शाहू म्हटले की ऐकणारा मनातल्या मनात वडिलांची जात आणि पक्ष ठरवू लागतो. तिघा महापुरुषांच्या नावांच्या माळेत ते असे घट्ट गुंफले गेले की एकेकटे उचलून पाळण्यात ठेवणे कठीण झाले. ज्याने सर्वांसाठी दारे उघडली त्याचे नाव काही घरांच्या दाराशी अडावे, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

शहाजी हे नाव मात्र मध्यंतरी अकल्पितपणे सर्वांच्या तोंडी आले. २०२२ च्या जून महिन्यात सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील यांचे गुवाहाटीहून केलेले दूरध्वनीवरील संभाषण घरोघरी ऐकले गेले. आमच्या आळीतील लहान मुले त्यांची नक्कल करीत. हे नाव पूर्वी ऐकले होते का, असे त्यांतील एकाला मी विचारले. तो म्हणाला, इतिहासाच्या पुस्तकात एक आहेत, पण ते बोलत नाहीत.

दोन वर्षांनी, २०२४ साली, कोल्हापूरच्या मतदारांनी शाहू छत्रपती यांना लोकसभेवर निवडून दिले. संस्थान विलीन होण्याआधी वर्षभर, ७ जानेवारी १९४८ रोजी, जन्मलेले हे गृहस्थ आपल्या घराण्यातील या नावाचे सध्याचे धनी आहेत. त्या सुमारास हिंडलग्याच्या आसपासही हे नाव पुन्हा चर्चेत आले, परंतु चर्चा आणि बारसे या वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

गेल्या वर्षी शेजारच्या घरी एका मुलाच्या बारशास गेलो होतो. आई-वडिलांनी आधुनिक वळणाचे, तीन अक्षरी, अर्थ विचारावा लागेल असे नाव निश्चित केले होते. कन्नड, मराठी आणि इंग्रजी तिन्हींत सारखे लिहिता यावे ही त्यामागील मुख्य अट, आणि सीमाभागात राहणाऱ्याला ती अट समजते. पाळण्यापाशी आत्या वाकली. आपल्या रीतीप्रमाणे कानात आधी देवाचे, मग कुळातले अशी नावे तिने सांगितली. मुलाची पणजी भिंतीला टेकून बसली होती. तिचे माहेर कागलकडचे. तिने हाताने खूण करून आत्याला जवळ बोलाविले आणि काहीतरी सांगितले. आत्या पुन्हा पाळण्यावर वाकली, कुर्र केले, आणि बाजूस बसलेल्या मला एवढेच ऐकू आले : शाहू.

नगरपालिकेच्या दाखल्यावर दुसरे नाव आहे. घरात मात्र त्याला शाहू म्हणूनच हाक मारतात.